सावजाच्या डोळ्यात शिकाऱ्याची बाहुली

चिंचिलाच्या चेहऱ्यात आधी डोळेच दिसतात. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, कान पातळ आणि गोल, मिशा अंगाच्या मानाने भलत्याच लांब, लोकर जमिनीवरच्या प्राण्यांत सर्वांत दाट मानली जाणारी. हे सगळं नंतर लक्षात येतं. आधी दिसतात ते दोन काळेभोर, ओलसर, फुगीर डोळे. अंधुक उजेडात त्यांत काळ्याशिवाय दुसरं काहीच नसतं; बुबुळ कुठे संपतं आणि बाहुली कुठे सुरू होते ते ओळखू येत नाही. खोलीतला दिवा लावला की तो काळा गोल दोन्ही बाजूंनी मिटत जातो आणि मध्ये एक उभी, बारीक फट उरते. मांजराच्या डोळ्यात उन्हाच्या वेळी दिसते, तशीच.

घरातल्या उंदराची बाहुली गोल, झाडावरच्या खारीची गोल, आपलीही गोल. कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातल्या या गवतखाऊ जिवाला मांजराची बाहुली कुठून मिळाली? प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. कारण उभ्या बाहुलीबद्दल विज्ञानाकडे एक चांगलं, पटणारं उत्तर आहे आणि चिंचिला त्या उत्तरात बसत नाही.

ते उत्तर 2015 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातले मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या 214 जातींच्या प्राण्यांच्या बाहुल्यांचे आकार आणि त्यांची राहणी ताडून पाहिली. दबा धरून बसणारे, दिवसा आणि रात्रीही वावरणारे शिकारी बहुधा उभ्या बाहुलीचे निघाले. चरणारे, दुसऱ्याचं भक्ष्य होणारे प्राणी बहुधा आडव्या बाहुलीचे. त्यातही एक बारकावा होता. समोर डोळे असलेल्या 65 दबेखोर शिकाऱ्यांपैकी 44 जणांची बाहुली उभी होती, आणि त्या 44 पैकी 36 जण खांद्यापाशी 42 सेंटिमीटरपेक्षा बुटके होते. म्हणजे मांजराची बाहुली उभी, पण वाघ-सिंहाची गोल.

यामागचं कारण अंतराच्या हिशेबात आहे. झडप एकदाच घालायची असते, तेव्हा सावज नेमकं किती लांब आहे हे कळायला हवं. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढायचं तर उभ्या रेषा स्पष्ट दिसाव्या लागतात. उभी फट त्या स्पष्ट ठेवते. त्याच वेळी जमिनीचा पुढचा-मागचा भाग ती अधिक धूसर करते, आणि तो धूसरपणाही अंतराची खूण म्हणून कामी येतो. डोळा जमिनीच्या जितका जवळ, तितकी ही खूण उपयोगी. शेळी-मेंढीचं गणित याच्या उलट. त्यांची आडवी बाहुली क्षितिजाची रुंद पट्टी दाखवते आणि डोक्यावरचा लखलखाट कमी आत घेते. चरायला मान खाली गेली तरी डोळा खोबणीत पन्नास-एक अंश फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. शेळी चरत असताना तिच्याकडे कधी नीट बघा; हे फिरणं उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आता यात चिंचिला कुठे ठेवायचा? तो कोणावर झडप घालत नाही. त्याचे डोळे समोर नाहीत, डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. आणि तो भक्ष्य आहे: कोल्ह्याचं, घुबडाचं. तक्ता म्हणतो बाहुली आडवी हवी, ती आहे ठार उभी. अशा वेळी तक्ता चुकला असं म्हणण्याची घाई करू नये. बँक्स यांचा नियम संख्याशास्त्रीय आहे. ‘बहुधा’ हा शब्द त्यात सुरुवातीपासून आहे. पण डोळ्याच्या एकाच आकाराला दोन वेगवेगळी कामं असू शकतात, हे चिंचिला दाखवतो. त्याचं काम कोणतं हे पाहायला तो राहतो तिथे जावं लागेल.

तो राहतो अँडीज पर्वतात. चिंचिलाच्या जाती दोन: लांब शेपटीची आणि आखूड शेपटीची. एके काळी चिली, बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिना या चारही देशांत त्यांच्या वसाहती होत्या. लोकरीपायी लाखोंनी मारले गेले. एका कोटाला शंभराहून जास्त कातडी लागायची. 1910 मध्ये चार देशांनी शिकारबंदीचा करार केला, पण तोवर मारायला फार उरले नव्हते. लांब शेपटीचा चिंचिला जंगलातून संपला असंच मानलं जात होतं. 1970 च्या दशकात उत्तर-मध्य चिलीत, इयापेल गावाजवळच्या डोंगरांत तो पुन्हा सापडला. 1983 मध्ये तिथे ‘लास चिंचियास’ नावाचं सुमारे 4,200 हेक्टरचं राखीव क्षेत्र झालं. दोन्ही जाती आजही धोक्यातल्या यादीत आहेत.

हे डोंगर म्हणजे उघडा खडक, निवडुंग, खुरटी झुडपं आणि काटेरी पानांचे पुया नावाचे झुपके. पाऊस थोडा, आभाळ स्वच्छ. दिवसभर चिंचिला खडकाच्या कपारीत किंवा पुयाच्या बुडाशी बसतो, सूर्य मावळला की बाहेर पडतो. त्यामुळे इथे येणाऱ्या पाहुण्याला चिंचिला दिसणं मुश्कील. यावर तोडगा म्हणून राखीव क्षेत्रात एक ‘नोक्तुरामा’ बांधला आहे: एक अंधारं दालन, जिथे निशाचर प्राणी दिवसा जागे असलेले बघता येतात. म्हणजे चिंचिला बघायचा तर आपणच त्याच्या उजेडात जायचं.

त्याचा उजेड म्हणजे संध्याकाळचा उरलासुरला, चांदण्यांचा, फार तर चंद्राचा. त्यासाठी त्याच्या डोळ्याने सगळी रचना केली आहे. डोळा शरीराच्या मानाने मोठा, पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया रुंद, अंधारात बाहुली जवळजवळ त्या पडद्याएवढी उघडते, मागे मोठं भिंग. जितका प्रकाश येईल तितका आत घ्यायचा. आतल्या दृष्टिपटलावर भर दंडपेशींचा. या पेशी अगदी मंद प्रकाशातही जाग्या होतात. पण उजेड वाढला की त्या भरून जातात आणि त्यांच्याकडून काहीच उपयोगाचं कळत नाही. सिनेमागृहातून भर दुपारी बाहेर आल्यावर आपले डोळे क्षणभर दिपतात, ते बरंचसं याचमुळे. आपल्याकडे तोडगा आहे, दिवसाचं काम शंकुपेशी सांभाळतात. ज्याची सगळी भिस्त दंडपेशींवर, त्याने उन्हात काय करायचं?

इथे उभी फट कामाला येते. अमेरिकी नेत्रशास्त्रज्ञ गॉर्डन वॉल्स यांनी 1942 च्या आपल्या जाडजूड ग्रंथात हा मुद्दा मांडला होता: फटीसारखी बाहुली त्या निशाचरांना असते ज्यांना अधूनमधून उन्हातही यावं लागतं. गोल बाहुली म्हणजे नाडीचा बटवा. नाडी कितीही ओढली तरी मध्ये भोक उरतंच, कारण गोल स्नायू ठरावीक मर्यादेपलीकडे आवळत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना मात्र जादा स्नायूंचे धागे असतात आणि ते दोन कडा जवळजवळ एकमेकींना टेकवतात. आकडे बोलके आहेत. माणसाच्या बाहुलीचं क्षेत्रफळ सर्वांत लहान ते सर्वांत मोठं असं सुमारे 15 पट बदलतं, पाळीव मांजराचं 135 पट, पालीच्या कुळातल्या गेकोचं 300 पट. फट आडवी की उभी, याने या कामात फारसा फरक पडत नाही. महत्त्वाचं आहे ते घट्ट मिटणं.

आता अँडीजचं ऊन आठवा. उंची, कोरडी हवा, ढग नाहीत, झाडांची सावली नाही, खाली उजळ खडक. अशा जागी रात्रीचा डोळा घेऊन राहणाऱ्याला दिवसा कपारीच्या तोंडाशी बसायचं झालं, पळावं लागलं, तर डोळा झाकण्याची पक्की सोय हवीच. माझा कौल म्हणूनच वॉल्स यांच्या बाजूला आहे. मांजराला उभी फट अंतरही सांगते आणि उन्हापासून वाचवतेही. चिंचिलाला ती फक्त दुसऱ्या कामासाठी पुरते.

पण मग त्याला दोन डोळ्यांनी मिळून अंतर कळतच नाही का? चिंचिलाच्या चिलीतल्याच दूरच्या नातेवाइकांनी या प्रश्नाला एक वेगळी बाजू दिली आहे. देगू नावाचा छोटा कृंतक दिवसा वावरतो. त्याच्याच वंशातला चंद्रदंती देगू रात्री. 2013 मध्ये चिलीतल्या संशोधकांनी दोघांच्या डोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसाच्या देगूला समोर सुमारे 50 अंशांचा पट्टा दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसतो. रात्रीच्या देगूला सुमारे 100 अंशांचा. दुप्पट! दोघेही गवत-पाला खाणारे, दोघेही सावज. मग रात्रीच्याला समोरचा सामाईक पट्टा एवढा रुंद कशाला? एक शक्यता अशी की अंधारात दोन डोळ्यांनी एकच गोष्ट बघितली की खूण अधिक खात्रीची होते: एका डोळ्याला भास झाला की खरंच काही हललं, याचा निवाडा दुसरा डोळा करतो. दोन डोळ्यांचं एकत्र बघणं हे फक्त शिकाऱ्याचं हत्यार आहे, असं शाळेत शिकवतात. रात्रीपुरतं तरी ते अपुरं आहे.

एवढा मोठा डोळा म्हणजे नजर तीक्ष्ण असणार, असा समज मात्र सोडून द्यावा. डोळ्याचा मोठेपणा दोन प्रकारे खर्च करता येतो: बारीक तपशिलावर किंवा मंद प्रकाशावर. गरुडाने तो तपशिलावर खर्च केला, चिंचिलाने प्रकाशावर. दंडपेशींच्या जगात अनेक पेशींची खबर एकाच तारेत ओतली जाते. त्यामुळे क्षीण प्रकाशही जाणवतो, पण तो नेमक्या कुठल्या ठिपक्यातून आला हे हरवतं. शिवाय आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यावर शंकुपेशींनी ठासून भरलेला जो खळगा असतो, ज्याच्या जोरावर तुम्ही ही ओळ वाचताय, तो कृंतकांना नसतोच. नजरेची धार मोजताना एका अंशाच्या कोनात किती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या सुट्या दिसतात ते बघतात. हात लांब केल्यावर करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते. निरोगी माणसाला त्यात 30 ते 60 जोड्या दिसतात. काळ्या डोळ्यांच्या प्रयोगशाळेतल्या उंदराला सुमारे एक, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराला त्याच्याही निम्म्यात. चिंचिलाचा डोळा उंदराच्या डोळ्यापेक्षा मोठा, म्हणून त्याला उंदरापेक्षा बरं दिसावं. पण माणसाच्या आसपासही नाही. पिंजऱ्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे नाक-डोळे त्याला नीट दिसत नसावेत. आकार आणि हालचाल मात्र लगेच कळते.

‘चिंचिलाला लांबचं दिसतं, जवळचं नाही’ असंही एक विधान पाळणाऱ्यांमध्ये फिरत असतं. लहान डोळ्यांबाबतच्या अशा विधानांकडे जरा संशयाने बघावं. डॉक्टर डोळ्यात प्रकाशाची रेघ टाकून परतणाऱ्या उजेडावरून चष्म्याचा नंबर काढतात. मिचेल ग्लिकस्टाइन आणि मिशेल मिलोडो यांनी 1970 मध्ये दाखवून दिलं की लहान डोळ्यांत ही पद्धत फसवते. उजेड परततो तो दृष्टिपटलाच्या पुढच्या कडेवरून, तर पाहणाऱ्या पेशी असतात मागच्या थरात. हे अंतर मिलिमीटरच्या छोट्या अंशाचं. माणसाच्या डोळ्यात ते नगण्य, पण उंदराच्या डोळ्यात ते मोठ्या प्लस नंबरएवढं भरतं. म्हणजे प्राण्याला नसलेला चष्मा आपल्या मोजमापाने लावला. नाकाखालचं न दिसण्याचं कारण तर आणखी साधं आहे: डोळे बाजूला असल्यावर नाकाच्या अगदी पुढचा थोडासा भाग नजरेबाहेरच राहतो. घास तोंडाशी येतो तेव्हा चिंचिला तो मिशांनी, ओठांनी आणि वासाने तपासतो.

रंगांचं काय? बहुतेक सस्तन प्राण्यांप्रमाणे कृंतकांची रंगदृष्टी दोन प्रकारच्या शंकुपेशींवर चालते, आपल्याकडे तीन. चिंचिलाचा प्रयोगशाळेतला परिचित नातेवाईक गिनिपिग. त्याच्या एका प्रकारच्या पेशी निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, दुसऱ्या हिरव्याला प्रतिसाद देतात. देगूची गंमत त्याहून मोठी. त्याच्या एका प्रकारच्या शंकुपेशींना अतिनील प्रकाश दिसतो आणि ताज्या लघवीच्या खुणा अतिनील प्रकाशात चमकतात. आपल्याला कोरडी, करडी दिसणारी पायवाट देगूसाठी ताज्या निरोपांनी भरलेली असते. चिंचिला मात्र रात्रीचा, आणि तेवढ्या अंधारात शंकुपेशी झोपलेल्याच असतात; त्याचा बहुतेक काळ करड्या छटांत जातो. त्याला लाल चौकोनी घर आवडतं की निळं, यावर माणसांनी फार डोकं चालवू नये. गडद लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही, ही गोष्ट मात्र कामाची आहे. निशाचर प्राण्यांचं निरीक्षण मंद लाल दिव्यात करतात ते याचमुळे.

डोळे बाजूला आणि फुगीर असण्याचा खरा फायदा आवाक्यात आहे. मान न वळवता चिंचिलाला आजूबाजूचा आणि डोक्यावरचा बराच मोठा भाग दिसतो. डोक्यावरचा भाग किती महत्त्वाचा असतो ते जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या गटाने 2013 मध्ये उंदरांवर दाखवलं. डोक्यावर इवलेसे कॅमेरे बसवून मोकळं सोडल्यावर दिसलं की उंदराचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना हलतात, दोन्हीचा मेळ सतत मोडतो, पण डोक्यावरच्या आभाळाचा तुकडा दोन्ही डोळ्यांच्या नजरेतून क्वचितच सुटतो. जिथे घुबड वरून येतं, तिथे दुसरं काही परवडणारं नाही. म्हणून चिंचिलाला उचलायला वरून हात घातला की तो का उसळतो, हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. वरून येणारी मोठी सावली म्हणजे त्याच्या लाखो वर्षांच्या अनुभवात एकच गोष्ट. पकडलंच तर त्याच्याकडे अखेरचा उपाय आहे: पकडलेल्या जागची लोकर झुपकाभर सोडून तो निसटतो.

खडकावरून खडकावर उडी मारताना तो फक्त डोळ्यांवर विसंबत नाही. मिशा दहा सेंटिमीटरहून लांब भरतात; कपारीची रुंदी, कडेचा खडबडीतपणा, वाऱ्याची झुळूक त्यांना कळते. कानाची गोष्ट तर स्वतंत्र प्रकरणाची आहे. कवटीत मधल्या कानाभोवती हवेच्या मोठ्या पोकळ्या आहेत, आणि सुमारे 50 ते 33,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज त्याला ऐकू येतात. माणसाचा पल्ला 20 ते 20,000. दोन्ही बरेच जुळतात, म्हणून मोठ्या आवाजाने कान कसे बिघडतात याच्या अभ्यासात चिंचिला अनेक दशकं वापरला गेला आहे. विज्ञानाला त्याच्या कानाबद्दल डोळ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. त्याच्यापुरता हा प्राधान्यक्रम योग्यच म्हणायचा: अंधारात आधी ऐकू येतं, मग हललेलं दिसतं, आणि शेवटी मिशा खात्री करतात.

डोळा इतका महत्त्वाचा, आणि तो पूर्ण तयार घेऊनच पिल्लू जगात येतं. चिंचिलाचा गर्भकाळ सुमारे 111 दिवस, इतक्या लहान प्राण्याला फार लांब. पिल्लाच्या अंगावर जन्मतः लोकर असते आणि डोळे उघडे असतात. घरातल्या उंदराची पिल्लं उघडी, गुलाबी, आणि जवळजवळ दोन आठवडे डोळे मिटलेली. हा फरक कुळाचा आहे. चिंचिला, गिनिपिग, देगू हे सगळे कृंतकांच्या ज्या शाखेतले, त्याच शाखेत सह्याद्रीत फिरणारं आपलं साळिंदरही येतं, आणि साळिंदराची पिल्लंही डोळे उघडे घेऊनच जन्मतात. समुद्रापलीकडचं नातं आहे, पण नातं आहे.

आज जगभरात पिंजऱ्यांत असलेले बहुसंख्य चिंचिला एका माणसाच्या खटाटोपाशी जोडले जातात. मॅथायस चॅपमन हा अमेरिकी खाण अभियंता चिलीतल्या पोत्रेरियोस इथल्या तांब्याच्या खाणीवर होता. त्याने चिली सरकारची परवानगी काढून अकरा चिंचिला मिळवले, उंचावरून हळूहळू खाली आणत त्यांना उष्ण हवेची सवय लावली आणि 1923 मध्ये कॅलिफोर्नियाला नेले. तिथून लोकरीचा धंदा वाढला आणि पुढे पाळण्याची हौस. रानातला चिंचिला करडा आणि काळ्या डोळ्यांचा. पिंजऱ्यात पिढ्यान्पिढ्या निवड झाली तसे पांढरे, काळे मखमली, जांभळट, बदामी असे रंग निघाले, आणि बदामी रंगाबरोबर डोळेही बदलले. बदामी चिंचिलाचे डोळे गडद माणकासारखे लालसर असतात. आई-बाप दोघांकडून तोच जनुक आला तर आणखी फिके, गुलाबी. उलट, पांढऱ्या लोकरीच्या एका प्रकारात डोळे अगदी काळे असतात. म्हणून पांढरा चिंचिला दिसला की लगेच त्याला अल्बिनो, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसलेला, म्हणू नये. खूण लोकरीत नाही, डोळ्यात आहे.

लाल डोळ्यात लाल रंगद्रव्य नसतं. काळं रंगद्रव्य कमी असतं, एवढंच; मागच्या रक्तवाहिन्यांचा रंग पुढे दिसतो. पण हे रंगद्रव्य शोभेचं नाही. बुबुळात ते पडद्यासारखं उजेड अडवतं, डोळ्याच्या तळाशी ते भरकटलेला प्रकाश शोषून घेतं. ते कमी झालं की फट मिटूनही बुबुळातून उजेड झिरपतो आणि चित्र धूसर होतं. शिवाय ज्या सस्तन प्राण्यांत हे रंगद्रव्य पूर्ण हरवतं, त्यांच्यात डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची वाटणीही बिघडते. पांढऱ्या उंदराची निम्मी नजर वर आलीच आहे. शोभेसाठी फिके डोळे निवडताना पैदास करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं दिसत नाही. काळ्या डोळ्याच्या चिंचिलाचा फ्लॅश लावून फोटो काढला तरी डोळा लालच येतो, ते वेगळं. मांजराच्या डोळ्यात मागे चकाकणारा थर असतो, म्हणून त्याचे डोळे हिरवट-पिवळे पेटतात. कृंतकांत असा थर क्वचितच. चिंचिलाच्या दूरच्या नात्यातल्या पाका या प्राण्याला तो आहे, चिंचिलाला नाही.

एवढा मोठा डोळा उथळ खोबणीत बसवायचा म्हणजे धोका पत्करणं आलंच. बराचसा डोळा बाहेर असतो. त्यात अश्रू फारच कमी. कागदाची पट्टी पापणीत धरून ती मिनिटात किती भिजते हे मोजलं तर कुत्र्याची 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजते, चिंचिलाची जेमतेम एक. कोरड्या डोंगरातल्या प्राण्याने पाणी वाचवलं, असं म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्यावरून कारण ठरवता येत नाही. लोकर साफ ठेवायला चिंचिला बारीक धुळीत लोळतो, आणि धूळ डोळ्यात जाते. धुळीचं भांडं दिवसभर पिंजऱ्यात ठेवलं तर डोळे लाल होतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वयस्कर चिंचिलांत मोतीबिंदूही आढळतो. आंधळा चिंचिला नेहमीच्या जागेत मिशा आणि सवयीच्या जोरावर इतका बेमालूम वावरतो की मालकाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. म्हणून म्हाताऱ्या चिंचिलाच्या पिंजऱ्यातल्या फळ्या उगाच हलवू नयेत.

भारतात चिंचिला पाळणं मुळात शहाणपणाचं नाही. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर त्याला उष्माघात होऊ शकतो आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना माहीत आहे. तरीही कोणाच्या घरी असेलच, तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत कमी आणि मऊ खाणं जास्त झालं की दाढा झिजत नाहीत, त्यांची मुळं उलटी वर, डोळ्याच्या खोबणीकडे सरकतात आणि अश्रू नाकात नेणारी नळी दाबतात. मग एका डोळ्यातून पाणी येऊ लागतं, डोळ्याखालची लोकर चिकटते. लोक औषधाच्या दुकानातून थेंब आणतात, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा पाणी. मूळ दुखणं तोपर्यंत हाडात शिरलेलं असतं. चिंचिलाचा डोळा सतत ओला दिसला तर थेंबांवर थांबू नका. अशा प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे नेऊन तोंड तपासून घ्या आणि कवटीचा एक्स-रे काढायला सांगा.